दहा तोंडे, एक पत्र : संकलनाने संवाद वाढतो की गलका?

काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यातली गोष्ट. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या, म्हणजे इशारा पातळीच्या, जरा खालीच होती. धोका पातळी ४३ फुटांची. कोल्हापूरकर अशा पातळीला सवयीने ‘पाणी पात्राबाहेर आलंय’ म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. माझी मावशी इथल्या एका दवाखान्यात अत्यवस्थ होती आणि मावसभाऊ पुण्याहून निघाला होता. कराडला पोचल्यावर त्याने फोन केला, ‘दादा, पुढं रस्ता कसा आहे?’ माझ्या मोबाइलवर त्या संध्याकाळी तीन वेगवेगळ्या गटांतून एकच व्हिडिओ आला होता : शिरोलीजवळ महामार्गावर कमरेइतके पाणी, ट्रकांची रांग. तीन ठिकाणांहून आला, म्हणजे खरा असणार, असे मला वाटले. मी तो त्याला पाठवला. तो रात्री कराडला नातेवाइकांकडे थांबला. मावशी पहाटे गेली. दुपारी तो आला तेव्हा एवढेच म्हणाला, ‘रस्ता सुरू होता की.’ व्हिडिओ ऑगस्ट २०१९ च्या महापुरातला होता.

या प्रसंगानंतर मी एका प्रश्नाच्या मागे लागलो. मी पत्रकारितेचा पदवीधर नाही, संगणकशास्त्राचा तर नाहीच. जे काही वाचले ते ग्रंथालयात आणि रात्री जागून. प्रश्न असा : अनेक ठिकाणचे बोल एका जागी गोळा करून देणारी जी व्यवस्था असते, तिला आपण संकलक म्हणू, ती लोकांमधला संवाद सुधारते की त्यात गलका वाढवते? मोबाइलमधील बातम्यांची ॲपे, ‘फीड’ नावाची न संपणारी पट्टी, व्हॉट्सॲपचे गट, ‘आजच्या ठळक घडामोडी’ असे शीर्षक लावून सकाळी येणारा लांबलचक संदेश, हे सगळे संकलकच. प्रश्न नवा वाटतो, पण त्याचे सर्वांत बोधक उदाहरण मला एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचे सापडले. तेही कोल्हापूरचेच.

‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. त्यांना वर्षही झाले नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या प्रकरणाने पेट घेतला. चौथे शिवाजी महाराज वयाने लहान. त्यांना वेडे ठरवण्यात आले होते, देखरेखीला गोरे शिपाई होते आणि संस्थानाचा कारभार माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होतो आहे, त्यांना खरोखर वेड लागलेले नसून लावले जात आहे, अशी कुजबुज दक्षिण महाराष्ट्रात पसरली होती. अशा वेळी बर्व्यांच्या नावाची काही पत्रे हातोहात फिरू लागली. त्यांत महाराजांविरुद्ध कटाचे पुरावे आहेत, असे सांगितले जाई. ती ‘केसरी’-‘मराठा’च्या चालकांपर्यंत पोचली. त्यांच्या आधारे लेखन झाले, आणि या दोनच नव्हे तर इतर पत्रांतूनही गवगवा झाला.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रे अस्सल आहेत हे न्यायालयात सिद्ध करता आले नाही. संपादकांनी माफी मागितली, पण खटला मागे घेतला गेला नाही. १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबरला ते सुटले. मधल्या दिवसांवर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले, ते मराठी वाचकांना परिचित आहे. (खटल्याच्या काळात दहा हजार रुपयांचा जामीन उभा राहिला तो जोतीराव फुले यांच्या वर्तुळातील रामशेठ उरवणे यांच्यामुळे. ज्यांची मते आपल्याशी जुळत नाहीत त्यांच्यासाठी कोणी असे करतो, हे आजच्या समाजमाध्यमांच्या वातावरणात परीकथेसारखे वाटते.)

या प्रकरणाकडे सहसा राष्ट्रीय चळवळीतील पहिला तुरुंगवास म्हणून पाहिले जाते. मला ते एका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते. जे कागद फिरत होते त्यांचा उगम एकच होता, पण ते अनेकांच्या हातांतून, अनेकांच्या तोंडून संपादकांच्या टेबलावर येत होते. एका पत्रात छापले गेले की दुसऱ्याला आधार मिळे. तिसऱ्याने दोघांचा हवाला दिला की वाचकाला वाटे, एवढे सगळे म्हणताहेत तर खरे असणार. दहा तोंडे बोलत होती, पत्र मात्र एकच होते. माझ्या तीन गटांचे हेच झाले होते. व्हिडिओ तीन वेळा आला याचा अर्थ साक्षीदार तीन होते असा होत नाही. एकाच साक्षीदाराला तीन दारांतून आत आणले गेले होते, आणि साक्षीसुद्धा शिळी होती.

आता यातला दुसरा, अधिक कडू भाग. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत शिवाजी महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे महाराजांच्या सुरक्षिततेची जी काळजी लोकांना वाटत होती ती निराधार नव्हती. पण ती काळजी खोट्या कागदांच्या गाठोड्यात बांधून मांडली गेली होती. न्यायालयात गाठोडे उघडले तेव्हा कागद खोटे ठरले आणि मूळ तक्रारही त्यांच्याबरोबर बाजूला पडली. गलक्याचा तोटा आपण नेहमी असा मोजतो की, खोटे पसरते. माझ्या मते त्याहून मोठा तोटा हा की, खऱ्याला खोट्याच्या संगतीत उभे राहावे लागते आणि त्याचीही पत जाते.

त्याच काळात सरकारही संकलन करत होते. मुंबई इलाख्यातील देशी वृत्तपत्रांत काय छापून येते याचा गोषवारा दर आठवड्याला इंग्रजीत तयार होई आणि अधिकाऱ्यांमध्ये गोपनीय म्हणून फिरे. ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ या नावाने हे अहवाल ओळखले जातात. दोन-दोन रकान्यांचा अग्रलेख तीन ओळींत. उपरोध गेला, म्हणी गेल्या, उरला तो आशय, आणि तोही भाषांतरकाराला जेवढा धोकादायक किंवा दखलपात्र वाटला तेवढाच. संपादकाला आपल्याबद्दल काय सांगितले गेले ते कळत नसे, मग उत्तर कुठून देणार? राज्यकर्ते आणि रयत यांच्यात या अहवालांमुळे संवाद झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. ती पाळत होती.

आणि तरीही आज इतिहासाचे अभ्यासक याच अहवालांवर विसंबतात, कारण मूळ पत्रांच्या फायली अनेक ठिकाणी उरलेल्या नाहीत. सत्यशोधकांच्या ‘दीनबंधू’चे जुने अंक सलग मिळत नाहीत. त्यात काय लिहिले जात होते याचा माग काढायला त्या तीन-तीन ओळी उपयोगी पडतात. हे शक्य होते ते एका साध्या शिस्तीमुळे : प्रत्येक नोंदीपाशी पत्राचे नाव आणि अंकाची तारीख लिहिलेली असे. हेतू संवादाचा नव्हता, पण पत्ता आणि वार जपले गेले. ज्यांचा हेतू संवादाचा असतो ते आजचे संकलक नेमके हेच दोन तपशील पहिल्यांदा गाळतात, असा माझा अनुभव आहे.

इंटरनेटवरच्या संकलकांची सुरुवात मात्र या शिस्तीनेच झाली होती. १९९९ मध्ये ‘आरएसएस’ नावाची एक मांडणी आली. एखाद्या संकेतस्थळावर नवे काही लिहिले गेले की त्याचे शीर्षक, मूळ लेखाचा दुवा, तारीख आणि थोडा गोषवारा एवढेच एका ठरावीक साच्यात उपलब्ध होई. वाचक आपल्या आवडीच्या पन्नास जागांचे असे साचे एका ठिकाणी लावून ठेवी आणि कुठे काय नवे आले ते पाही. ‘गुगल रीडर’ हे त्यातले सर्वांत लोकप्रिय साधन. मराठीत ब्लॉगलेखनाला भर आला तेव्हा ‘मराठी ब्लॉग विश्व’ याच तत्त्वावर चालत असे. नोंदवलेल्या ब्लॉगांवरचे ताजे लेखन यादीत वर येई. कोल्हापुरातला वाचक त्या यादीतून एखाद्या न्यू जर्सीतल्या गृहिणीच्या लेखावर जाई आणि जे बोलायचे ते तिच्या अंगणात जाऊन बोले. संकलक इथे रस्त्याकडेच्या पाटीसारखा होता. गाव कुठे आहे ते पाटी सांगते, पण कोणी पाटीखालीच गप्पा मारत बसत नाही.

मग दुसऱ्या जातीचे संकलक आले. गुगलमधून बाहेर पडलेल्या काही जणांनी २००७ मध्ये ‘फ्रेंडफीड’ सुरू केले. माणूस ज्या-ज्या सेवांवर लिहितो, छायाचित्रे टाकतो, दुवे जपून ठेवतो, ते सारे त्याच्या एका पट्टीत गोळा होई. आणि मुख्य म्हणजे त्याखाली तिथेच चर्चा करता येई. त्यावर तेव्हा जो वाद झाला तो मला आजही ताजा वाटतो. लेखक म्हणत, माझ्या लेखावर तुम्ही तिकडे बोलता आणि मला कळतही नाही. वाचक म्हणत, इथे आमची ओळखीची माणसे आहेत, इथे बोलायला बरे वाटते. दोघांचेही खरे होते. संवाद वाढला होता, पण ज्याच्याशी करायचा तोच त्यात नव्हता. एका लेखावर चार ठिकाणी चार चर्चा, आणि एकीतल्या शंकेचे उत्तर दुसरीत पडून राहिलेले. फेसबुकने ऑगस्ट २००९ मध्ये फ्रेंडफीड विकत घेतले आणि एप्रिल २०१५ मध्ये ते बंद केले. तिथल्या चर्चाही त्याबरोबर गेल्या. ‘गुगल रीडर’ही १ जुलै २०१३ रोजी बंद झाले होते, लोक हळहळले होते. पण पाटी पडली म्हणून गावे नाहीशी झाली नव्हती, लेख आपापल्या जागी होते. फ्रेंडफीडच्या बाबतीत गप्पांची जागाच गेली.

बातम्यांचे संकलन हा याचाच धाकटा भाऊ. ‘न्यूजहंट’ २००९ मध्ये उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी यांनी सुरू केले, म्हणजे भारतीय भाषांतील बातम्या साध्या मोबाइलवर आणण्याच्या उद्योगात दोन मराठी नावे आहेत. पुढे तेच ‘डेलीहंट’ झाले. त्या वेळी अनेक हँडसेटवर देवनागरी अक्षरे धड दिसतही नव्हती, तिथे जिल्ह्याची बातमी खेड्यातल्या माणसाच्या हातात येऊ लागली. हा उपकार मोठा आहे. संकलक म्हणजे केवळ गलका असे म्हणणाऱ्यांनी तो विसरू नये. अडचण वेगळीच आहे. वृत्तसंस्थेची एकच प्रत अनेक संकेतस्थळांवर, थोडा शब्दबदल करून, भडक मथळा लावून येते. संकलक त्या सगळ्या एकाखाली एक दाखवतो. वाचक सहा मथळे पाहून उठतो तेव्हा त्याने सहा बातम्या वाचल्या असे त्याला वाटते. बातमीदार घटनास्थळी गेलेला असतो एकच, आणि कधीकधी तोही गेलेला नसतो.

व्हॉट्सॲप स्वतःला संकलक म्हणवत नाही. पण आपल्याकडे बहुसंख्य लोकांसाठी तेच खरे संकलक आहे. इथे गोळा करण्याचे काम कोणतेही यंत्र करत नाही, काका, वहिनी, मंडळाचे सेक्रेटरी करतात. यंत्र फक्त एक गोष्ट करते. संदेश पुढे ढकलला की मूळ कोणी, कधी, कुठे लिहिला हे मागे राहते आणि त्यावर पाठवणाऱ्याचे नाव आणि आत्ताची वेळ चढते. शिळ्या भाकरीला नवे फडके. २०१९ चा व्हिडिओ म्हणूनच माझ्यापर्यंत ‘आज संध्याकाळी ६:१०’ होऊन आला. संदेश पुढून आलेला आहे एवढे सांगणारी ‘फॉरवर्डेड’ ही खूण जुलै २०१८ मध्ये सुरू झाली आणि खूपदा फिरलेल्या संदेशांवर दुहेरी बाण २०१९ मध्ये आला. त्या बाणाचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? माझ्या गल्लीत विचारले तर ‘महत्त्वाचा मेसेज असतो तो’ असे दोघांनी सांगितले. धोक्याची खूण लोकांनी प्रतिष्ठेची म्हणून वाचली.

या गाळलेल्या तपशिलांची किंमत कधी माणसाच्या जिवाने मोजावी लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याकडून पोट भरायला फिरतीवर आलेली माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा संदेशांचे तेव्हा देशभर पेव फुटले होते. त्यातला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीतला होता. तिच्या शेवटी मोटारसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांनी सावध राहण्याचा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला होता.

राईनपाड्याच्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. हिशेब करून पाहा. तेव्हा गटात २५६ सदस्य बसत. पाच भरलेले गट म्हणजे एका बोटाच्या दाबाने १,२८० माणसे, आणि त्यातल्या प्रत्येकाला पुन्हा पाचांची मुभा. तरीही मर्यादेचा उपयोग झाला. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले, तेव्हा अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. आकडा कंपनीचाच, तपासायला आपल्याकडे साधन नाही. पण दिशा पटते. माणसाला थोडे कष्ट पडले की तो पाठवावे की नाही याचा विचार करतो. मात्र हा उपाय वेगावर आहे. पत्ता आणि वार अजूनही संदेशाबरोबर येत नाहीत.

ज्यांनी हे दोन तपशील जपले त्यांचे संकलन काय करू शकते, हेही कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. पावसाळ्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून रोज काही वेळा जो मजकूर येतो त्याचा साचा आता पोरासोरांना पाठ आहे : वेळ, राजाराम बंधाऱ्याची फूट-इंचात पातळी, पाण्याखालच्या बंधाऱ्यांची संख्या, राधानगरीचा विसर्ग. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या नद्या प्रयाग चिखलीच्या संगमावर येतात. त्यामुळे वर गगनबावड्याला काय पडले आणि धरणातून किती सुटले, हे एकत्र पाहिल्याशिवाय सुतारवाड्यातल्या घरात पाणी शिरेल का, हे कळत नाही. म्हणजे इथे संकलन ही चैन नाही. चिखली-आंबेवाडीचा शेतकरी जनावरे कधी सोडायची, हे अशा एकत्रित आकड्यांवर ठरवतो. २०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांपर्यंत चढले तेव्हा पुष्कळांनी २०१९ चा अनुभव आणि ताशी येणारी पातळी यांची सांगड घालून वेळेवर घर सोडले. गटांत त्या रात्री गप्पाही चालू होत्या, पण त्या कामाच्या होत्या : ‘जामदार क्लबपाशी आत्ता ९:४०ला किती आहे?’ ‘पायरीला लागलं.’ विचारणारा खरा, सांगणारा तिथे उभा, आणि वेळ प्रश्नातच.

त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्राणवायूचे सिलिंडर आणि रिकाम्या खाटांच्या याद्या फिरत होत्या. सुरुवातीच्या याद्यांनी नातेवाइकांचा जीव नकोसा केला. वीस क्रमांकांवर फोन करायचे, पंधरा बंद, चार ठिकाणी ‘कालच संपले’. मग ठिकठिकाणच्या तरुण मुला-मुलींनी स्वतः फोन लावून खात्री करायला सुरुवात केली आणि यादीत प्रत्येक नावापुढे ‘खात्री केली, सकाळी ११’ असे लिहू लागली. काहींनी काम झालेल्या नोंदी खोडूनही टाकल्या. खोडणे हे संकलनातले सर्वांत दुर्लक्षित काम आहे. महापुरात अमुक गावाला कपडे हवेत हा संदेश, कपड्यांचे ढीग लागल्यावरही, कित्येक दिवस फिरत राहतो, कारण ‘आता नको’ हा संदेश पुढे पाठवण्यात कोणाला पुण्य वाटत नाही.

एक आक्षेप मला एका मित्राने घेतला, आणि तो टाळून चालणार नाही. तो म्हणाला, प्रत्येक बोलाला पत्ता लावायचा म्हटले तर भीतीपोटी कोण बोलेल? छळ होतो आहे हे सांगणारा संस्थानातला कारकून नाव कसे देईल? मुद्दा बिनतोड आहे. पण नाव झाकणे आणि उगम पुसणे यांत फरक आहे. जुन्या पद्धतीचा संपादक निनावी पत्र छापताना लेखकाचे नाव आपल्यापाशी ठेवी आणि जबाबदारी स्वतःच्या नावावर घेई. टिळक-आगरकर तुरुंगात गेले ते याच जबाबदारीपोटी. चूक त्यांनी मोजली. आज फॉरवर्ड करणारा ‘आला तसा पाठवला’ एवढे लिहून मोकळा होतो. ही तीन शब्दांची ओळ म्हणजे संकलकाने आपल्या कामाचा दिलेला राजीनामा आहे. मीही त्या संध्याकाळी कराडला व्हिडिओ पाठवताना तीच लिहिली होती.

मावसभावाने मला कधी दोष दिला नाही. पावसाळा सुरू झाला की मात्र तो पुण्याहून फोन करतो आणि विचारतो, ‘दादा, तू स्वतः बघितलंस काय?’ म्हणून आता मी पाहून येतो. गेल्या पावसाळ्यात एकदा सकाळी शिवाजी पुलावर गेलो, पाणी पाहिले, घरी येऊन अधिकृत पातळी ताडून घेतली आणि तारीख, वेळ व कोणी पाहिले हे लिहून चार ओळी आमच्या गल्लीच्या गटावर टाकल्या. संध्याकाळी त्या चार ओळी दुसऱ्या एका गटातून माझ्याकडेच परत आल्या. पातळी होती. तारीख, वेळ आणि माझे नाव कोणीतरी काढून टाकले होते आणि वर लिहिले होते : ‘आत्ताच हाती आलेली बातमी.’